नागरिकत्व स्वर्गात आहे, म्हणून गावचा कायदा सुटत नाही

तासगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या घरातल्या चौघांचा बाप्तिस्मा झाला आहे, भाऊबंद हिंदू आहेत, घर अजून एकत्र आहे. दर शुक्रवारी त्यांच्या सोप्यात प्रार्थना होते. तिथे येणाऱ्या एका बंधूंनी त्यांना सांगितले, "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे. जगाचे कायदे आणि गावचे रिवाज विश्वासणाऱ्याला बांधत नाहीत." त्यानंतर एकेक गोष्ट पुढे येत गेली. देवघरातल्या टाकांचे काय करायचे, गणपतीची वर्गणी द्यायची का, बेंदूर करायचा का, स्पीकरबद्दल पोलिसांत गेलेली तक्रार, धाकट्या भावाचे ठरलेले लग्न आणि जातीचा दाखला. त्यांचा प्रश्न असा, की कुठे हो म्हणायचे आणि कुठे नाही?

सप्रेम सलाम. मिरज-सांगलीच्या पट्ट्यात पाळक म्हणून माझे बरेच आयुष्य गेले. उपदेशपीठाइतकाच वेळ लग्नाच्या रजिस्टरवर, पोलीस ठाण्याच्या बाकावर आणि भावकीच्या बैठकीत गेला. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी त्या वचनाबद्दल, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू झाला आहे. आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, हे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिले. त्याच फिलिप्पै शहरात त्याच्यासोबत काय घडले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात वाचा. चौकशी न करता त्याला आणि सीलाला उघड्या अंगावर फटके मारले आणि पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून कळवले, की या दोघांना सोडून द्या. दुसरा कोणी असता तर जीव वाचला म्हणून मुकाट्याने निघून गेला असता. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चौकशीवाचून चारचौघांत मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले, आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. म्हणजे ज्या शहरातल्या मंडळीला तो स्वर्गीय नागरिकत्वाबद्दल लिहितो, तिथेच त्याने आपले पृथ्वीवरचे नागरिकत्व कायद्याच्या भाषेत ठणकावून मांडले होते. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात तो म्हणतो, की वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, ज्याचा कर त्याला कर द्या, ज्याचा सन्मान त्याला सन्मान द्या. हे लिहिले तेव्हा गादीवर नीरो होता. राज्यकर्ते चांगले होते म्हणून पौलाने असे लिहिले, असे कुणी म्हणू नये.

आता उलट बाजू. यहूद्यांच्या न्यायसभेपुढे येशूचा शिष्य पेत्र याने सांगितले, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. मात्र त्या बंधूंसारखे लोक हे वाक्य वाटेल तिथे वापरतात, म्हणून बंदी करून बाबेलला नेलेल्या यहूदी दानीएलाकडे बघा. त्याने बाबेलची भाषा शिकली, तिथल्या विद्या शिकल्या, बाबेली नाव घेतले, राजाची नोकरी केली आणि कारभार इतका चोख केला, की शत्रूंना त्याच्या कामात खोट सापडेना. नाही म्हटले ते मोजक्याच ठिकाणी. राजाच्या ताटातले अन्न नको म्हणाला, आणि राजाशिवाय कुणाला प्रार्थना करू नये असा हुकूम निघाला तेव्हा तोही मोडला. तेव्हासुद्धा खिडकी लावून घेतली नाही. यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या ठेवून पूर्वीसारखाच गुडघे टेकत राहिला आणि त्याची शिक्षाही त्याने पत्करली.

माझी सारी शिकवण यातूनच आलेली आहे. तुमच्याकडे उपासना मागितली, किंवा देवाने सांगितलेले सोडायला लावले, तर नाही म्हणा. बाकी जे जे गावाचे, देशाचे आणि शेजाऱ्याचे आहे, त्याला मनापासून हो म्हणा. दोन्ही उघडपणे करा. मी पाहिलेली बहुतेक भांडणे विश्वासामुळे पेटली नव्हती, लपवाछपवीमुळे पेटली होती.

आता टाकांचे. तुम्ही लिहिले आहे, की देवघरात जोतिबा, खंडोबा आणि बिरोबाचे चांदीचे टाक आहेत, आणि त्या बंधूंचा सल्ला आहे की ते विहिरीत टाकून मोकळे व्हा. कृपा करून असे करू नका. ते टाक तुमचे एकट्याचे नाहीत. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले आहेत, भावकीचा त्यांच्यात जीव आहे, आणि एकत्र घरातली वस्तू परस्पर नाहीशी करायचा तुम्हाला अधिकार नाही. थोरल्या चुलत्यांना घरी बोलवा. आदल्या दिवशी टाक स्वच्छ करून नव्या कापडात ठेवा. चुलते आले की आईवडिलांच्या देखत म्हणा, "काका, आम्ही आता ख्रिस्ताची भक्ती करतो. आमच्याकडून यांची पूजा होणार नाही, पण यांचा अवमानही होऊ द्यायचा नाही. तुमच्या देवघरात यांना जागा द्या." त्यांना राग येईल, कदाचित रडतीलही. ऐकून घ्या. त्या वेळी मूर्तिपूजेवर प्रवचन करू नका. एका घरात मी हे होताना पाहिले. चुलत्यांनी टाक कपाळाला लावून उचलले आणि जाताना पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या घराची आजही सोयरीक-सुतक टिकून आहे. दुसऱ्या एका गावात एका तरुणाने देव फोडल्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकला. मंडळी घाबरून पांगली आणि त्याची आई आजही भावाच्या दारात जाऊ शकत नाही. दुसऱ्याच्या धर्मभावना मुद्दाम दुखावणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. अथेन्समध्ये पौलाचा जीव मूर्तींनी भरलेले शहर पाहून तळमळला, तरी त्याने एकाही वेदीला हात लावला नाही. तो लोकांशी बोलला, आणि त्यांच्याच कवींची ओळ घेऊन बोलला.

बेंदराबद्दल माझे मत अगदी साधे आहे. बैल धुवा, शिंगे रंगवा, झूल घाला, पुरणपोळी करा आणि बैलालाही भरवा. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस विसावा द्यायचा, यात ख्रिस्ती माणसाला आक्षेप घेण्यासारखे काय आहे? विसाव्याच्या दिवशी बैलालाही विसावा मिळावा, हे तर मोशेच्या आज्ञांतच आहे. ओवाळायची वेळ आली की बाजूला उभे राहा आणि जनावर दिल्याबद्दल देवाचे आभार माना. गावातला एक म्हातारा विचारेल, "का रे, तू का नाही ओवाळत?" त्याला सरळ उत्तर द्या. मिरवणुकीत बैलाचा कासरा धरायला लाजू नका.

गणपतीच्या वर्गणीवर आपल्यातच दुमत आहे, आणि मी कुणाच्या विवेकावर जबरदस्ती करत नाही. माझी पद्धत अशी की मंडळाचे कार्यकर्ते आले की त्यांना बसवून चहा द्यायचा आणि सांगायचे, "पूजेसाठी मी देणार नाही, पण रक्तदान शिबिराला, शाळेच्या वह्यांना, विसर्जनाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याला काय लागेल ते सांगा." आणि मग वर्गणीपेक्षा चार पैसे जास्त द्यायचे, म्हणजे विश्वासाच्या नावाखाली खिसा राखला असे कुणाला वाटणार नाही. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा पाणी वाटायला माणसे लागतातच. प्रसादाचे म्हणाल, तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा १० वा अध्याय घरात सगळ्यांनी बसून वाचा. पुढे वाढलेले अन्न शंका न काढता खावे, पण हा नैवेद्य आहे असे कुणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असे तिथे आहे. मी हात जोडून प्रेमाने नाही म्हणतो. शेजारीण नुसता मोदकाचा डबा घेऊन आली तर तो शेजारधर्म आहे, तो घ्यावा आणि नाताळात करंज्या घालून डबा परत करावा.

ख्रिस्ती झालो म्हणजे मराठीपण उतरवून ठेवायचे, अशी समजूत अजून कानावर येते तेव्हा मला वाईट वाटते. सातारा आपल्यापासून लांब नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात राहायला आले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे ख्रिस्ताचे सगळे भक्त एकत्र यावेत, हे त्यांचे स्वप्न होते. १९१९ मध्ये ते वारले, म्हणून ते काम फुलायच्या आतच थांबले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. आज सांगली-साताऱ्याच्या मंडळ्यांत रविवारी गायली जाणारी कितीतरी भजने त्यांची आहेत. अभंगाची चाल, टाळ, मृदंग, देशावरचे प्रेम, यांतले काही त्यांना टाकावे लागले नाही. राष्ट्रगीताला उभे राहा आणि खड्या आवाजात म्हणा. त्यात उपासना नाही. ज्यांना त्यातही अडचण वाटते त्यांच्यासाठी १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. केरळमधली तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढले होते आणि न्यायालयाने परत घ्यायला लावले. आदर सोडायची परवानगी मात्र कुणालाच नाही.

स्पीकरच्या तक्रारीत चूक तुमची आहे. स्वतःच्या घरात चार माणसे जमवून प्रार्थना करणे हा संविधानाच्या २५ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. तेच कलम सांगते, की हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवताच येत नाही. चेन्नईतल्या एका चर्चचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००० साली निकाल लागला, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. तुमच्या सोप्यात वीस-पंचवीस माणसे बसतात. त्यांना स्पीकर कशाला हवा? देव बहिरा नाही. समोरच्या घरी दहावीची मुलगी अभ्यास करते, असे तुम्हीच लिहिले आहे. तिच्या वडिलांना जाऊन भेटा, माफी मागा आणि स्पीकर विकून टाका.

पोलीस आले तर घाबरू नका आणि मोबाइल काढून शूटिंगही सुरू करू नका. खुर्ची द्या, पाणी द्या, विचारतील त्याचे खरे उत्तर द्या. काय लिहून घेतले ते वाचल्याशिवाय सही करू नका. कोण येते, काय होते, दान किती जमते, याची वही ठेवा. अठरा वर्षांखालचे मूल आईवडिलांच्या संमतीशिवाय बसवून घेऊ नका. कोणी येऊन प्रार्थना उधळली तर तोही गुन्हा आहे, कलम ३०० आहे, आणि तक्रार नोंदवायला पौलासारखे ताठ मानेने जा. आपला विश्वास सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. आमिष किंवा धाक दाखवून मिळवलेला माणूस ख्रिस्तालाही नको आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली, तसा प्रसंग पुन्हा आला तर डबे पोचवा, भांडी घासा, गाळ उपसा, पण त्या वेळी हातात पत्रक नको.

तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीने माझी झोप उडाली. वहिनींनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या आहेत, कारण त्या बंधूंनी "विश्वास असेल तर औषध कशाला" असे म्हटले. आज संध्याकाळी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा, हे उत्तर पुढे वाचण्याआधी ठरवा. ज्या जिल्ह्यात विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे हॉस्पिटल उभारले, जिथे क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी वसली आणि कुष्ठरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय झाले, तिथे ख्रिस्ताचे नाव घेऊन कुणी गोळ्या सोडायला लावावे, याचा मला संताप येतो. मिशनच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होई, आणि प्रार्थना झाली की शस्त्रक्रियाही होई. प्रार्थना करा, हात ठेवा, उपास करा, पण गोळी वेळेवर द्या. जादूटोणाविरोधी कायदा ख्रिस्ती लोकांना छळायला केला आहे, असेही कुणी सांगते. तो कायदा साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे लावून धरला होता, आणि २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आला. घरी, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला त्यात हात लावलेला नाही. चमत्काराचा देखावा करून पैसे काढणे आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवणे हा मात्र गुन्हा आहे. यातली कुठली गोष्ट ख्रिस्ती माणसाला करायची असते? त्या बंधूंना प्रार्थनेत बोलायला देऊ नका.

पैशाबद्दल थोडक्यात. परदेशातून कुणी गटासाठी पैसे पाठवतो म्हणाला तर तुमच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. त्यासाठी केंद्र सरकारकडे नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या ठरलेल्या स्टेट बँक शाखेतच यावे लागतात. गट वाढला तर धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट नोंदवा आणि दरवर्षी हिशेब द्या.

जातीच्या दाखल्याबद्दल लिहिणे जड जाते, कारण हे दुःख मी घराघरांत पाहिले आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो. ख्रिस्ती होताच तो जातो. माझे ठाम मत आहे, की हा नियम अन्यायाचा आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाची नजर धुतली जात नाही, घर वस्तीतच राहते आणि मजुरी तीच मिळते. तरीही खोटा मार्ग मी सांगणार नाही. रविवारी साक्ष द्यायची आणि सोमवारी तहसील कार्यालयात प्रतिज्ञापत्रावर हिंदू लिहायचे, असे चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात याला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. कायद्याच्या आधी आपल्याला खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा आहे. बाप्तिस्म्याआधी घेतलेल्या शिक्षणाचे आणि सवलतींचे काय, हा वेगळा प्रश्न आहे, तो सांगलीतल्या चांगल्या वकिलाला कागद दाखवून विचारा. नियम बदलावा म्हणून भांडायचे रस्ते उघडे आहेत. याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. निवेदने द्या, मोर्च्यात चला, आपली हकिगत लेखी मांडा. मंडळीनेही नुसते "खरे बोला" म्हणून हात झटकू नयेत. ज्या घराची शिष्यवृत्ती गेली त्या घरातल्या मुलांची फी भरणे हे मंडळीचे काम आहे. जी मंडळी खरेपणा मागते आणि त्याची किंमत एकट्या घरावर टाकते, तिच्या पाळकाला मी तोंडावर बोललो आहे.

राहिले भावाचे लग्न. मुलगीही ख्रिस्ती आहे, म्हणजे १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. लग्न लावणाऱ्याकडे तसा अधिकार किंवा सरकारी परवाना असलाच पाहिजे. तुमच्या शुक्रवारच्या गटातल्या बंधूंकडे तो नसेल तर त्यांनी लावलेले लग्न कागदावर टिकणार नाही, आणि त्यांनाही मोठी शिक्षा होऊ शकते. पुढे वारस नोंद, पासपोर्ट, पेन्शन अशा वेळी सून रडत बसेल. मुलगा २१ पूर्ण आणि मुलगी १८ पूर्ण, याला शाळेचे दाखले बघा, कुणाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आत लागतो, म्हणून कार्यालय संध्याकाळचे घेणार असाल तर वेळ नीट धरा. रजिस्टरवर दोघांच्या, पाळकाच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या तिथल्या तिथे घ्या आणि प्रमाणपत्र हातात घेऊनच जेवायला बसा. हळद लावा, बांगड्या भरा, मंगळसूत्र घाला. आपल्याकडच्या किती तरी ख्रिस्ती बायकांच्या काळ्या मण्यांत क्रूस असतो. चुलत्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि आहेर त्यांच्या हस्ते करा. हुंडा मात्र एक पैचाही नको, मग तो "मुलीच्या खुशीने" असे म्हणून का दिलेला असेना.

तारीख ठरवण्याआधी दोघांचे जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले आणि मुलीच्या मंडळीच्या पाळकांचे पत्र घेऊन या. मिरजेला सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी मी भेटेन. येताना वहिनींच्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्टही आणा.